शांत घरांची हुशारी

ग्रहणमापी यंत्राच्या खोलीत बसलेलं मूल चाचणी अर्धवट टाकून उठतं, असं हेमांगी हावळने आजवरच्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि उठली कोण, तर तिची सख्खी धाकटी बहीण.

कोल्हापूरच्या केंद्रातली ती खोली म्हणजे जाड काचेची पेटीच. भिंतींना आतून लोकर, जमिनीला रबर, दाराला दुहेरी कड. दार लागलं की स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटायला लागतो. कस्तुरी आत जाताना काचेतून हसली होती. डोक्यावर टोप चढला, समोरच्या पडद्यावर आकृत्या सुरू झाल्या आणि पोरगी मान खाली घालून भराभर उत्तरं द्यायला लागली. नात्यातलं कुणी असेल तर चालकाने यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम. म्हणून यंत्रावर सहकारी बसला होता आणि हेमांगी मागे हाताची घडी घालून उभी होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कस्तुरीने एकदम मान वर केली, कान टवकारले, इकडेतिकडे पाहिलं, टोप उतरवून टेबलावर ठेवला आणि ती सरळ दाराकडे निघाली.

सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, ही चालली कुठे?"

कस्तुरी का उठली ते हेमांगीला त्याच क्षणी कळलं होतं, पण या खोलीत ते कुणाला सांगायची तिला लाज वाटली.

पोरीला समजावून पुन्हा बसवलं. या वेळी ती खुर्ची घट्ट धरून बसली. आकडा आला एकेचाळीस. विद्यापीठाची पायरी चढायला साठ लागत. साठच्या खालच्यांसाठी सरकारने 'उपयोजित मार्ग' ठेवला होता, म्हणजे थोडक्यात कारखान्यात काम करायचं शिक्षण. कुणाला कोणता कारखाना झेपेल हेही यंत्रच सुचवी. कस्तुरीला त्याने कापडाचा सुचवला. पोरगी इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेली, बारावीला गणितात शाळेत पहिली, आणि पुढेही गणितच शिकायचं म्हणून हट्ट धरून बसलेली. यंत्राने तिला जिथून आली तिथेच परत पाठवलं, वर सरकारी शिक्का मारून.

हे यंत्र आलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, हे इथे सांगायला हवं. त्याआधी प्रवेशपरीक्षांचा नुसता बाजार झाला होता. शिकवणीवाल्यांनी गावंच्या गावं वसवली होती, ज्याच्या बापाची ऐपत त्याचं पोर पुढे, बाकीच्यांनी नशिबाला बोल लावायचा. अशा वेळी डॉ. सरंजामे नावाच्या एका मेंदूशास्त्रज्ञाने सांगितलं की मुलाला काय शिकवलं गेलं ते मोजू नका, त्याला किती पटकन शिकता येतं ते मोजा. माणूस कळकळीने बोलायचा आणि त्याचं विज्ञानही खोटं नव्हतं.

मेंदूचा जो भाग राबतो तिकडे रक्त जास्त धावतं. टोपातून कवटीत शिरणाऱ्या एका विशिष्ट प्रकाशाने ते बाहेरूनच टिपता येतं. आपण काही नवीन शिकायला लागलो की कपाळामागचा भाग जोरात कामाला लागतो आणि गोष्ट एकदा उमगली की तोच भाग सैल पडतो. सायकल शिकताना अंग कसं ताठ असतं, आणि जमली की माणूस गप्पा मारत चालवतो, तसंच हे. ग्रहणमापी मुलापुढे अशा आकृत्या ठेवी की ज्यांचे नियम जगात कुठेच शिकवले जात नाहीत, आणि दर मुलाला वेगळे. तो नियम उमगेपर्यंतचा ताण किती वेगाने उतरतो ते यंत्र मोजी. तोच ग्रहणांक. मधेच लक्ष भलतीकडे गेलं तर आलेखाला खाच पडे, आणि दर खाचेमागे गुण वजा होत.

यात भाषा नाही, पुस्तक नाही, शिकवणी नाही, आडनाव नाही. साठच्या वर येईल त्याच्या शिक्षणाचा सगळा खर्च सरकारचा. यापेक्षा न्यायाची गोष्ट कोणती? पहिल्या वर्षी एका मेंढपाळाच्या मुलाचा अंक ऐंशीच्या वर गेला आणि त्याचा फोटो गावोगावच्या चौकात लागला. दुसऱ्या वर्षीही तोच फोटो लागला. तिसऱ्या वर्षीही तोच, फक्त मोठा करून. मोकळ्या माळरानावर वाढलेलं पोर ते, शांततेची त्याला काय वाण? पण हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही.

ज्यांच्या डोक्यात आला त्यांनी तो विकायला काढला. पुण्यात 'ग्रहणपूरक' सोसायट्या उभ्या राहिल्या, भिंतीत कापूस भरलेल्या. तिथल्या घरांत कुकरची शिट्टी बंद झाली, पोराशी कुजबुजत बोलायची पद्धत आली. गणपतीत ढोल वाजायला लागले की तिथली पोरं दहा दिवस थंड हवेच्या ठिकाणी जात. शिकवणीवाल्यांनी फळ्यावरची गणितं पुसली आणि त्याच खोल्या 'मौनवर्ग' म्हणून भाड्याने दिल्या. समतेचं यंत्र आलं आणि श्रीमंतांनी त्याला गालिचा अंथरला. बाकीच्यांना वाटलं, आपलीच पोरं मुळात मंद असणार.

त्या संध्याकाळी दोघी बहिणी इचलकरंजीला घरी आल्या. घर म्हणजे शेडला लागूनच्या दोन खोल्या, मधे पत्रा. आप्पा मागांवर उभे होते, आई कोपऱ्यात कांड्या भरत होती. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. आईच्या हाताला ते काम इतकं बसलेलं की तिने मान वर करून लेकींकडे पाहिलं तरी हात थांबला नाही.

"काय झालं गं? तोंड का पडलंय?" आईने विचारलं. तोंडातून आवाज मात्र काढला नाही. मागांच्या खडखडाटात आवाजाचा काही उपयोग नसतो. तिथली माणसं ओठांनी आणि बोटांनी बोलतात आणि शेडच्या या टोकाचं त्या टोकाला बरोबर पोचतं.

"न्हाई झालं," कस्तुरी ओठांनीच म्हणाली. "मी उठले मधीच."

"का गं?"

"लई शांत झालं हुतं. मला वाटलं माग थांबला."

आईला यात काही नवल वाटलं नाही. आप्पांनाही नाही. शेडमध्ये माग चालू असताना कुणी झोपतं, कुणी गणितं सोडवतं, कुणी लेकरू पाजतं. खडखडाट चालू आहे तोवर सगळं ठीक आहे. तो थांबला की गाढ झोपलेलं माणूसही उठतं आणि जाऊन बघतं की धागा तुटला, वीज गेली, की कुणाचा हात अडकला. हावळांच्या घरात तान्ही पोरंसुद्धा माग थांबला की रडायला लागायची. अशा घरातल्या पोरीला त्या लोकरीच्या पेटीत बसवलं. ती उठली नसती तरच नवल होतं.

जेवताना माग बंद होते, तेव्हा आप्पा तोंडाने बोलले. "यंत्रानं सांगितलंय म्हटल्यावर असंल तसं. एवढी मोठी माणसं खोटं कशाला करतील? कापडाचं शिकंल की. आपलंच काम हाय."

कस्तुरीने ताटातली भाकरी बाजूला सारली आणि ती उठून शेडमध्ये जाऊन बसली.

हेमांगीला स्वतःचं वसतिगृह आठवलं. जुन्या परीक्षांच्या शेवटच्या वर्षांत ती कशीबशी विद्यापीठात पोचली होती. तिथल्या शांत खोलीत तिला झोप लागत नसे, वाचलेलं डोक्यात शिरत नसे. शेवटी ती फोनवर मागाचा आवाज लावून, फोन उशीखाली ठेवून अभ्यास करायची. खोलीतल्या मुलींना कळू नये म्हणून आवाज अगदी बारीक ठेवी. पुढे केंद्रात नोकरी लागली तेव्हा सगळ्या चालकांची चाचणी झाली होती. तिचा अंक आला होता अठ्ठेचाळीस. "तुमची पदवी आधीच झालीय, नशीबवान आहात," असं वरिष्ठ हसत म्हणाले होते आणि तीही हसली होती.

आता तिला त्या हसण्याचा संताप आला.

केंद्रात खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी पडद्यासकट एक हलका टोप असे. चालकाला तो तपासणीसाठी घरी नेता येई. त्या शनिवारी हेमांगीने तो इचलकरंजीला आणला, शेडमध्ये मागांच्या मधोमध कस्तुरीला स्टुलावर बसवलं आणि नियमात कुठेच न बसणारी गोष्ट केली. तिने आप्पांना खूण केली, "सगळे माग चालू करा."

आकृत्या सुरू झाल्या. खडखडाटात जमीन हादरत होती आणि पडद्यावरचा आलेख मात्र शांतपणे खाली उतरत होता, एकही खाच न पडता. हेमांगीला कारण समोर दिसत होतं. मागावर वाढलेल्या माणसाचा कान सतत पहाऱ्यावर असतो. आवाज नीट चालू असला की पहारेकरी निवांत बसतो आणि डोकं मोकळं होतं. आवाजच नसला की तो घडोघडी उठून बाहेर बघून येतो. यंत्र त्याच खाचा मोजत होतं आणि त्यांना मंदपणा म्हणत होतं. ज्या पदवीधरांवरून यंत्राचं माप ठरवलं होतं ते सगळे स्वतःच्या खोलीत दार लावून शिकलेले. त्यांच्यासारखं डोकं म्हणजे चांगलं डोकं, एवढंच त्याला शिकवलं गेलं होतं.

कस्तुरीचा अंक त्र्याऐंशी आला.

मग हेमांगीने टोप स्वतःच्या डोक्यावर चढवला. आकडा आला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आईने कांडी टाकली आणि ती धावत आली. "काय झालं? किती आलं?" ओठ विचारत होते.

"एकोणऐंशी," हेमांगीने बोटांनी सांगितलं. इतकी वर्षं ती स्वतःला कमअस्सल समजून, लोकांनी हसायच्या आधी आपणच हसून वागत आली होती. कशासाठी, तर एका आकड्यासाठी.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिने गल्लीतली आणखी पोरं बसवली. शांत खोलीत पन्नासच्या आत असलेली पोरं शेडमध्ये सत्तरच्या पुढे जात होती. तिने ते सगळं नीट लिहिलं आणि थेट अपील समितीकडे पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. फोन समितीचे अध्यक्ष असलेल्या खुद्द डॉ. सरंजाम्यांचा आला.

"हेमांगीताई, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे," ते म्हणाले. आवाजात खरोखरच आपुलकी होती. "तुमच्या बहिणीवर अन्याय होऊ द्यायचा नाही, एवढं तर आपण दोघंही मानतो. तिला आम्ही जागा देतो. 'ध्वनी-आश्रित ग्रहणदोष' असा एक गट करता येईल, त्यातून सवलतीची जागा. सुनावणीत तिने फक्त 'हा दोष मला आहे आणि सवलत मान्य आहे' म्हणायचं."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही केंद्राच्या चालक आहात. नोंदीसाठी तुम्ही सांगायचं की यंत्र निर्दोष चाललं. ते खोटंही नाही. यंत्र बिघडलेलं थोडंच होतं?"

हेमांगीने घरी येऊन कस्तुरीला गाठलं. शेडमागच्या मोकळ्या जागेत दोघी उभ्या राहिल्या.

"जागा मिळतीय तुला," हेमांगी म्हणाली. "गणिताची. वसतिगृहासकट."

"दोष हाय म्हणून?"

"म्हणू देत त्यांना काय म्हणायचं ते. तू आत शीर. एकदा आत गेलीस की तुला कोण विचारणार हाय?"

"पदवीवर छापणार की ते. सवलतीचा शिक्का असतोय, मी बघितलंय." कस्तुरीचा आवाज शांत होता. "ताई, माझ्यात काय दोष हाय सांग. तूच टोप घातलास ना माझ्या डोक्यावर?"

"मला ठाऊक हाय. तुला ठाऊक हाय. बास की."

"आणि रुबिना? तिला सत्तर आलं शेडमधी. ती गेलीबी त्या उपयोजितला. तिला कोण फोन करणार?"

रुबिना पलीकडच्या शेडमधली, कस्तुरीच्या वर्गातली. हेमांगी चिडली. "सगळ्या गल्लीचा मक्ता घेतलायस काय तू? मी चार वर्षं त्या वसतिगृहात मान खाली घालून काढली तेव्हा कुठं या घरात पहिली पदवी आली. मान खाली घातल्यानं काय मरत न्हाई कुणी."

"मरत न्हाई," कस्तुरी म्हणाली. "पण तू अजून वर केली न्हाईस."

हेमांगीचा हात उठला होता. तिने तो आवरला आणि ती आत निघून गेली. त्यानंतर सुनावणीच्या दिवसापर्यंत दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या.

सुनावणी टेकडीवरच्या नव्या राज्य विद्यापीठात होती. लांबलचक इमारत, चकचकीत फरशी, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यावर पट्टे. पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले होते. समितीच्या दालनाकडे जाताना दोघी एका काचेच्या दाराशी पोचल्या आणि कस्तुरी थबकली. आत गणिताचा तास चालला होता. एवढा मोठा वर्ग, आणि पुढच्या काही रांगांत तेवढी मुलं. मागची सगळी बाकं रिकामी.

"चल," हेमांगी म्हणाली. "उशीर होईल."

यंत्र निर्दोष चाललं असं सांगायचं ठरवूनच ती आली होती. बहिणीला नाही पटलं तर नाही पटलं. पाच वर्षांनी तीच आभार मानेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

समितीत तिघे होते. मधे डॉ. सरंजामे, पांढरे केस, हसरा चेहरा. त्यांनी दोघींना पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. मग कॅमेरा सुरू केला.

"कस्तुरी, तुझ्या ताईंनी तुला समजावलं असेलच. आधी एक छोटी माहिती लागेल. हा दोष साधारणपणे घरातच उतरतो. हेमांगीताई, तुमचाही अंक कमी होता, नाही का? तेव्हा आई-वडिलांचीही नोंद करून ठेवू. म्हणजे 'कौटुंबिक ग्रहणदोष' असं लिहिता येईल. पुढे तुमच्या मुलांनाही सवलत मिळेल."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते हेमांगीला त्या क्षणी कळलं. चार-चार माग एकट्याने सांभाळणारे आप्पा, कुठल्या मागाचा कुठला खिळा सैल झाला ते पाठमोरे असतानाही ओळखणारे, त्यांची नोंद हा माणूस मंद म्हणून करणार होता. आईचीही. वर उपकार म्हणून, आणि पुढच्या पिढीसाठी जागा राखून.

तिने मान वळवली. कस्तुरी तिच्याकडेच बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही. समितीतल्या कुणाला काही कळलं नाही. पोरगी घाबरून पुटपुटतेय असं वाटलं असेल.

"ताई, नको," ओठ म्हणत होते. "माझ्यासाठी नको म्हणू यंत्र चांगलं हाय."

"जागा जाईल तुझी," हेमांगीचे ओठ हलले.

"जाऊ दे."

"परत वर्षभर शेडमधी बसशील."

"बसंन. आईला मंद म्हणू नको म्हणावं त्यांना."

"काही अडचण आहे का?" डॉ. सरंजाम्यांनी विचारलं.

"नाही," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज एकदम मोठा निघाला, मागांच्या वर चढणारा. समितीतली एक बाई दचकली. हेमांगीने तो खाली आणला नाही. "नोंदीसाठी सांगते. मी हेमांगी हावळ, कोल्हापूर केंद्राची चालक. यंत्रात दोष आहे. ते डोकं मोजत नाही, घर मोजतं. घरात वेगळी खोली आहे का आणि तिच्या भिंती किती जाड आहेत, एवढंच त्याला कळतं. आमच्या गल्लीतली पोरं मी शेडमध्ये बसवून मोजलीत आणि ती तुमच्या सोसायट्यांतल्या पोरांच्या पुढे गेलीत. तुम्ही त्यांना कारखान्यात पाठवलंत. माझ्या आई-वडिलांचं नाव कुठेही लिहायचं नाही."

डॉ. सरंजाम्यांचा चेहरा दुखावलेला दिसत होता, आणि ते दुखणं खरं होतं. आयुष्यभर आपण गरिबांसाठी राबलो असं त्यांना मनापासून वाटत होतं. "ताई, बाहेर सगळ्या प्रकारचे आवाज आहेत. प्रत्येकाच्या घराप्रमाणे यंत्र लावत बसलो तर माप कशाला म्हणायचं? कुठेतरी रेघ ओढावीच लागते."

"रेघ तुमच्याच दारापासून कशी सुरू होते हो?" हेमांगीने विचारलं.

कस्तुरी त्या दालनात पहिल्यांदाच तोंडाने बोलली. "सर, त्या वर्गात मागची बाकं रिकामी का हायत?"

"साठच्या वरची तेवढीच मुलं आली म्हणून."

"मग बाकीची भरत का न्हाई?"

"दर्जा राखायचा असतो, बाळ."

"रिकाम्या बाकाचा दर्जा काय असतो, सर?"

डॉ. सरंजाम्यांनी कॅमेरा बंद केला. सवलत नाकारल्यामुळे अपील फेटाळण्यात येत आहे, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. हेमांगीच्या नोकरीबद्दल तिला कळवण्यात येईल, तोवर तिने केंद्रावर जाऊ नये. पाण्याचे पेले उचलून न्यायला माणूस आला. दोघींची परतीच्या गाडीची सोय करायची का, असंही त्यांनी विचारलं. हेमांगीने त्यांना तोंडावर सांगितलं की उपकारांची हौस फिटली आहे.

हे बोलून ती वळली तर कस्तुरी शेजारी नव्हती.

हेमांगी बाहेर आली. लांब पडवी रिकामी होती. रडायला कुठल्या कोपऱ्यात गेली असेल म्हणून तिने जिना पाहिला, पाण्याची खोली पाहिली. मनात स्वतःलाच शिव्या घालत होती. पोरीची जागा आपण आपल्या तोंडाने घालवली, आता घरी जाऊन आप्पांना काय सांगणार, हा विचार पाठ सोडत नव्हता. चालत चालत ती त्या काचेच्या दाराशी आली.

कस्तुरी आत होती. मागच्या रांगेतल्या एका बाकावर बसून ती फळ्यावरचं उतरवून घेत होती. एका हाताची बोटं बाकावर ताल धरून वाजत होती, अगदी हळू, मागाच्या चालीत. दार अर्धवट उघडं होतं.

प्राध्यापक मध्यमवयाचे होते. त्यांनी खडू खाली ठेवला. "मागे कोण आहे? नवीन दिसता."

कस्तुरी उभी राहिली. "कस्तुरी हावळ. इचलकरंजी."

"यादीत नाव आहे?"

"न्हाई."

"मग इथे कशा?"

"बाक रिकामं हुतं, सर."

पुढची मुलं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं. प्राध्यापकांनी त्या हसणाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग मागच्या सगळ्या रिकाम्या रांगांवरून त्यांची नजर फिरली. "गेले दोन आठवडे हा विषय चाललाय. मधूनच बसून तुम्हाला काय कळणार?"

"आज शिकवाल ते कळलं न्हाई तर माझी मी उठून जाईन," कस्तुरी म्हणाली. "कळलं तर उद्या येईन."

प्राध्यापकांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे तोंड केलं. कस्तुरी खाली बसली.

एवढ्यात पडवीच्या टोकाकडून सुरक्षारक्षक झपाझप पावलं उचलत आला. समितीच्या दालनातून त्याला कुणीतरी सांगितलं असणार. त्याने काचेतून आत पाहिलं, मग हेमांगीच्या गळ्यातल्या केंद्राच्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि तो अदबीने म्हणाला, "मॅडम, ती यादीबाहेरची मुलगी हीच का? बाहेर काढायला सांगितलंय."

हेमांगी दारात आडवी उभी राहिली. आता तिची मान ताठ होती.

"तास संपेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तिचा तास चालू आहे."